मॅडम, तुम्ही आम्हाला पाणी मोजायला शिकवलंत

प्रिय मॅडम,

तुमचा जुना नंबर लागत नाही, तीनदा करून बघितला, म्हणून शेवटी इथंच लिहितीये, आपल्या बॅचमधलं कुणी ना कुणी तुमच्यापर्यंत पोचवेलच. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला आवडायचं नाही ते. लातूर जिल्ह्यातली आपली झेडपीची शाळा, पत्र्याचं छप्पर, दारात कडुनिंब, एवढ्यावरून आपल्या पोरींना बरोबर कळेल.

मी बीएड करतीये आता. परवा पेपरची तयारी करताना एक मुद्दा आला, की संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली १७ शाश्वत विकास ध्येयं ठरवली, २०३० पर्यंत गाठायची, आणि त्यातलं ४.७ नंबरचं लक्ष्य असं की सगळ्या मुलांना शाश्वत विकास आणि जागतिक नागरिकत्व शिकायला मिळालं पाहिजे. माझी रूममेट म्हणाली बाई गं किती जड शब्द, पाठ कसे करायचे. आणि मला एकदम तुम्ही आठवलात, हातात कात्री आणि पाण्याची रिकामी बाटली. म्हटलं हे तर आम्हाला सातवीतच शिकवलंय मॅडमनी, फक्त नाव सांगितलं नव्हतं. तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे.

२०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं, लातूरात पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावलेलं, आपल्या गावात हापसा नुसता खडखड वाजायचा. वर्गातल्या निम्म्या पोरी टँकरच्या नादात शाळेत उशिरा यायच्या आणि तुम्ही एकीलाही कधी उशिराबद्दल बोलला नाहीत, हे मी विसरणार नाही. मग एप्रिलात मिरजेहून जलदूत, म्हणजे पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला १० डबे, ५ लाख लिटर. सगळे टीव्हीवर रेल्वे बघत होते आणि तुम्ही फळ्यावर भागाकार मांडला, एका डब्यात किती? ५० हजार लिटर. आणि मग आम्हाला बाहेर नेऊन शाळेचं छप्पर मोजायला लावलंत, टेप नव्हता तर सुतळीला गाठी मारून. ४० फूट बाय २० फूट, म्हणजे साधारण ७४ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी, आपल्याकडं वर्षाला आठशेच्या आसपास पडतो, म्हणजे ५९,२०० लिटर, त्यातलं उडालेलं सांडलेलं सोडून द्या तरी ४५ हजार. कुणीतरी मागून ओरडलं, मॅडम म्हणजे रेल्वेचा डबा! आपल्या छपरावरून दरवर्षी जवळजवळ एक डबा वाहून जातो आणि आपण साडेतीनशे किलोमीटरवरून तो मागवतोय. ते गणित मला आजही जसंच्या तसं पाठ आहे, बाकी सातवीचं गणित विचाराल तर आठवत नाही.

जून लागला तसं बाटलीचं पर्जन्यमापक केलं. वरचा भाग कापून उलटा बसवायचा नरसाळ्यासारखा, तळाला खडे टाकून बाजूला चिकटवलेल्या पट्टीच्या शून्यापर्यंत पाणी भरायचं, कारण बाटलीचा तळ सपाट नसतो, आणि रोज सकाळी ८ वाजता डोळा पाण्याच्या बरोबरीला आणून वाचायचं. मी दोनदा वरूनच बघून आकडा लिहिला होता, तुम्ही मला तिथंच चिखलात उकिडवं बसवून परत वाचायला लावलंत. राग आला होता तेव्हा. त्या सप्टेंबरात असा पाऊस झाला की बाटली रात्रीतच भरून सांडली आणि रजिस्टरमध्ये काय लिहायचं यावर वर्गात वाद. तुम्ही म्हणालात, मोजता आलं नाही असं लिहा, अंदाजाचा आकडा लिहायचा नाही. केवढी मोठी गोष्ट होती ती, मला आत्ता कॉलेजात लोक बिनधास्त आकडे ठोकून देताना बघितल्यावर कळते.

साखरेचं प्रकरण मात्र मला नीट लिहायचंय, कारण त्याबद्दल तुमचे आभार कधी मानलेच नाहीत. तुम्ही सांगितलं होतं की एक किलो साखर तयार व्हायला दीड-दोन हजार लिटर पाणी लागतं, म्हणजे आपल्या शिवारातलं पाणी पोत्यात भरून कुठल्या कुठं जातं, मुंबईला जातं, बोटीनं परदेशात पण जातं, तिथं चहा पिणाऱ्याला माहीत पण नसतं. मी घरी जाऊन जेवताना तसंच बोलले. आमचा दोन एकर ऊस नुकताच वाळून गेलेला. अण्णा ताटावरून उठले. म्हणाले तुझ्या बाईला विचार, उसाला कारखाना आहे, तुरीला कोण आहे, भाव पडला तर ती देणार का? मी दुसऱ्या दिवशी वर्गात रडले आणि तुम्ही रविवारी सरळ आमच्या घरी आलात. मला वाटलं आता अण्णांना समजावणार. तर तुम्ही ओट्यावर बसून फक्त विचारत राहिलात, भाऊ मोटर किती तास चालायची, लाईट कधी यायची, बोर किती फूट, टनेज किती पडलं, पैसे किती महिन्यांनी मिळाले. अण्णा अर्धा तास बोलत होते, ते एवढं कुणाशी बोलत नाहीत. शेवटी तुम्ही म्हणालात, भाऊ तुमचं बरोबर आहे, उसाचा गिऱ्हाईक ठरलेला असतो, तुरीचा नसतो. आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणालात, अण्णांचा प्रश्न वहीत लिही, तो पण धड्यातच येतो.

अण्णांनी पुढच्या वर्षी एक एकर ऊस ठिबकवर ठेवला आणि एक एकर सोयाबीन-तूर केली. अजून तसंच आहे. ऊस पूर्ण सोडला नाही, आणि का सोडला नाही ते आता मला समजतं. पाणी वाचवा म्हणणारे खूप भेटतात, पण शेतकऱ्याचा हिशोब आधी ऐकून घेणारं माणूस मी तुमच्यानंतर फार कमी बघितलंय.

आणि मग नववीतला फेब्रुवारी, २०१८, दक्षिण आफ्रिकेतलं केप टाऊन. तुम्ही मोबाईलवर फोटो दाखवला, डोंगराजवळच्या एका झऱ्यावर कॅन घेऊन लांबच लांब रांग, आणि आम्ही सगळ्या एकदम म्हणालो हे तर लातूर! एवढं मोठं श्रीमंत शहर आणि माणशी दिवसाला फक्त ५० लिटर, नळ बंद व्हायच्या दिवसाला डे झिरो नाव दिलेलं. तुम्ही आम्हाला दोन दिवस घरचं पाणी घागरीनं मोजायला लावलंत, आमच्या घरी माणशी ३८ भरलं, तेही सगळं आईनं डोक्यावरून आणलेलं. पोरींना आधी गंमतच वाटली की आपण तर केप टाऊनपेक्षा भारी. तेव्हा तुम्ही सांगितलं, त्या शहरातल्या झोपडपट्ट्यांमधली माणसं आधीपासूनच सार्वजनिक नळावर रांगेत उभी होती, डे झिरोची भीती बाकीच्यांना नवीन होती, त्यांना नाही. आणि मग विचारलंत, आपल्या गावात टँकर आधी कुठं थांबतो?

वर्ग एकदम गप्प झाला. मग मागच्या बाकावरची वस्तीवरची आपली मैत्रीण हळूच म्हणाली, आमच्याकडं येईपर्यंत तळाचा गाळ असतो मॅडम. तीन वर्षं मी तिच्या शेजारी डबा खाल्ला होता आणि मला हे माहीत नव्हतं. टँकर आमच्या गल्लीत आधी थांबायचा, मला वाटायचं तो सगळीकडं तसाच थांबतो. मॅडम, जागतिक नागरिकत्व म्हणून पुस्तकात झेंडे आणि हात धरलेली मुलं काढलेली असतात, पण मला ते त्या दिवशी कळलं, केप टाऊनवरून फिरून आपल्याच गावातल्या शेवटच्या घरापर्यंत आल्यावर. त्या पुढच्या आठवड्यात तुम्ही आम्हा चौघींना घेऊन ग्रामपंचायतीत गेलात, आमचं रजिस्टर दाखवलंत, आणि टँकर एक दिवस इकडून एक दिवस तिकडून सुरू करायचं ठरलं. तुम्हाला त्यावरून गावात काय काय ऐकून घ्यावं लागलं ते आईनं मला खूप नंतर सांगितलं. शाळेतही पोर्शन बाकी आहे आणि बाई पोरींना घेऊन फिरतात असं चालायचंच. तुम्ही आम्हाला ते कधी जाणवू दिलं नाहीत.

आमच्यानंतर नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषयच आला, चांगलं झालं. पण इंटर्नशिपला ज्या शाळेत गेले तिथं त्याची प्रकल्पवही मुलं एकमेकांची बघून उतरवत होती, पर्यावरण वाचवा असं थर्माकोलवर चिकटवत होती, आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं उद्या प्रत्येकानं एक रिकामी बाटली आणा. पहिल्याच दिवशी एका पोरानं वरूनच बघून आकडा सांगितला, आणि मी त्याला म्हटलं, बाळा खाली बस, डोळा पाण्याच्या बरोबरीला आण. माझ्या तोंडून तुमचाच आवाज आला मॅडम, अगदी तोच. खूप खूप आभार, त्या आवाजासाठी आणि त्या रविवारसाठी.

इंटर्नशिप संपली पण मुलं अजून मला रोज आकडा पाठवतात. आज सकाळी ८ ला २३ मिलीमीटर. तुमच्याकडं किती भरला?

तुमची,
दुसऱ्या बाकावरची, उकिडवी बसून आकडा वाचणारी