हिरड्यांचा आजार आणि परस्पर घेतलेल्या गोळ्या

महोदय,

कळण्याची भाकरी चावतानाही आईच्या हिरड्यांतून रक्त आणि पू येई. चिठ्ठीशिवाय आणलेल्या मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकाच्या (जिवाणू मारणाऱ्या औषधाच्या) गोळ्यांनी चार दिवस बरे वाटले, पण महिन्याभरात पू पुन्हा आला. तोंडात 700हून अधिक प्रकारचे जिवाणू आढळतात. हिरड्यांखाली ते चिकट थर करून राहतात आणि त्या थरात औषध नीट पोहोचत नाही, म्हणून दंतवैद्याने दातांच्या मुळांवरचे कीटण आधी खरवडून काढणे आवश्यक असते. त्यासोबत गरजेप्रमाणे दिलेली प्रतिजैविके पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिससारखे घातक जिवाणू घटवतात. मात्र निरुपद्रवी जिवाणूही मरतात आणि औषधाला दाद न देणारे फोफावू शकतात. खानदेशात मिश्री लावणाऱ्या कितीतरी बायाबापड्यांना हे कोणी सांगत नाही, याचे फार वाईट वाटते. चिठ्ठीशिवाय होणारी ही विक्री औषध प्रशासनाने थांबवावी.

— एक वाचक, अमळनेर