ऑटोमॅटिक पिकअपची थरथर जॉबकार्डावर लिहिली गेलीच पाहिजे

माननीय संपादक,

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेली पिकअप साठ-सत्तरच्या वेगाने आणि एक्सिलरेटरवर हलकासा पाय ठेवून चालवत असताना सेकंद-दोन सेकंद थरथरते आणि आपोआप शांत होते, अशी तक्रार घेऊन मालक सर्व्हिस सेंटरला जातो, तेव्हा बहुतेक वेळा ‘या गाडीला एवढे असतेच’ असे उत्तर त्याला मिळते. हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या चुकीचे आहे. ते तोंडी दिले जाते आणि जॉबकार्डावर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या तक्रार व कामाच्या नोंदीच्या कागदावर, त्याचा मागमूस राहत नाही, म्हणून ते ग्राहकाचे थेट नुकसानही करते. या विषयाकडे आपल्या वाचकांचे आणि वाहन कंपन्यांचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्प निदेशक म्हणून मी मोटार मेकॅनिकचा व्यवसाय शिकवला. निवृत्तीनंतर भावाच्या मंडप-डेकोरेशनच्या व्यवसायातील गाड्यांची देखभाल माझ्याकडे आली. त्यांतील एका ऑटोमॅटिक पिकअपला हाच त्रास सुरू झाला, आणि वर दिलेले उत्तर आम्हालाही ऐकून घ्यावे लागले. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण हा प्रश्न एका कंपनीचा किंवा एका मॉडेलचा नाही. मालवाहतुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक पिकअप आजही हाताने गिअर टाकण्याच्या आहेत. परंतु इसुझूच्या व्ही-क्रॉसची ऑटोमॅटिक आवृत्ती आली, २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स भारतात दाखल झाली, आणि मुंबईच्या गर्दीत क्लच दाबून कंटाळलेले व्यावसायिक आता अशा गाड्यांकडे वळू लागले आहेत. त्यामुळे या गिअरबॉक्सचे दुखणे कसे ओळखायचे, हे माहीत असण्याची गरज वाढली आहे.

क्लच आपोआप दाबणाऱ्या आणि आतून मॅन्युअलच असलेल्या एएमटी गाड्यांनाही आपण सरसकट ऑटोमॅटिक म्हणतो. त्यांत टॉर्क कन्व्हर्टर नसतो, त्यामुळे त्यांच्या धक्क्यांची कारणे वेगळी आहेत. हे पत्र टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांपुरतेच आहे.

टॉर्क कन्व्हर्टर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये बसतो. इंजिनाबरोबर फिरणारा पंप ऑइलला वेग देतो, ते ऑइल समोरच्या टर्बाइनला फिरवते, आणि मध्ये असलेला स्टेटर परतणाऱ्या ऑइलला योग्य दिशा देऊन जागेवरून निघताना टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे दुपटीपर्यंत वाढवतो. भरलेली पिकअप चढावर गुळगुळीतपणे निघते ती यामुळेच. मात्र पंप आणि टर्बाइन यांच्यात थोडी घसरण नेहमीच राहते, आणि त्या घसरणीत वाया गेलेली शक्ती उष्णता होऊन ऑइलमध्ये उतरते. इंधनाची ही नासाडी टाळण्यासाठी कन्व्हर्टरच्या आतच एक लॉकअप क्लच असतो. ठरावीक वेग आला की तो पंप आणि टर्बाइन यांना एकमेकांशी जखडतो. नव्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी हा क्लच कमी वेगातही लावला जातो. डिझेल इंजिनाचे हिसके गाडीत जाणवू नयेत, म्हणून तो पुष्कळदा पूर्ण न जखडता मिनिटाला मोजक्याच फेऱ्यांइतका जाणीवपूर्वक घसरता ठेवला जातो.

थरथरीचे मूळ या नियंत्रित घसरणीत आहे. घसरणाऱ्या क्लचचे अस्तर आणि पोलादी पृष्ठभाग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो, आणि त्या ऑइलमध्ये घर्षण नियंत्रित ठेवणारी रसायने मिसळलेली असतात. घसरण वाढली की घर्षणही किंचित वाढावे, अशी त्यांची रचना असते, कारण तसे झाले तरच क्लच स्थिर राहतो. ही रसायने उष्णतेने, काळाने किंवा पाण्याने निकामी झाली की नाते उलटे होते. घसरण वाढताच घर्षण कमी होते, थांबताच ते एकदम वाढते, आणि क्लच एका सेकंदात अनेकदा पकडतो आणि सुटतो. चालकाला हे रम्बलर पट्ट्यांवरून गाडी गेल्यासारखे जाणवते. अशा वेळी ‘असतेच’ म्हणणे म्हणजे क्लचचे अस्तर प्रत्येक वेळी थोडे थोडे जळत असताना मालकाला दुखणे अंगावर काढायला सांगणे आहे.

मुंबईतील वापर या ऑइलवर विशेष कठोर आहे. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला किंवा सायन-पनवेल रस्त्यावर वाशी खाडीपुलाच्या अलीकडे गाड्या पावलापावलाने सरकतात, तेव्हा वेग इतका कमी असतो की लॉकअप क्लच लागतच नाही, टॉर्क कन्व्हर्टर सतत घसरत राहतो, आणि ऑइल थंड करणाऱ्या कूलरवर वारा मात्र पुरेसा येत नाही. त्यात मागे लोखंडी खांब, पडदे आणि जनरेटर भरलेला असेल, किंवा गाडी कसारा अथवा बोरघाट चढून आली असेल, तर ऑइलचे तापमान नेहमीच्या ८०-९५ अंश सेल्सिअसच्या बरेच वर जाते. तापमान दर दहा अंशांनी वाढले की ऑइलचे ऑक्सिडीकरण साधारण दुपटीने वेगवान होते, हा वंगणशास्त्रातील जुना ठोकताळा आहे. दिवसाला थोडेच किलोमीटर धावणाऱ्या, पण तासन्‌तास सुरू राहणाऱ्या गाडीच्या ऑइलची अवस्था म्हणूनच ओडोमीटरवरून ओळखता येत नाही.

पावसाळ्यात दुसरे संकट येते. गिअरबॉक्सला हवा घेण्यासाठी ब्रीदर असतो. हिंदमाता, अंधेरी सबवे किंवा कुर्ल्याचा लालबहादूर शास्त्री मार्ग येथे तुंबलेल्या पाण्यातून गाडी जाते, तेव्हा गरम गिअरबॉक्स अचानक थंड होतो, आतली हवा आकसते, आणि ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढले जाते. ज्या गाड्यांत गिअर ऑइलचा कूलर रेडिएटरच्याच टाकीत असतो, त्यांत कूलरला भेग पडली तर कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रवही, ऑइलमध्ये मिसळू शकतो. क्लचचे अस्तर कागदासारख्या तंतुमय पदार्थाचे असते आणि ते चिकटवलेले असते, त्यामुळे पाण्याने ते सुटू लागते. पाण्यातून गेलेल्या पिकअपच्या इंजिन ऑइलची तपासणी सगळेच करतात, परंतु गिअरबॉक्सचे ऑइल दुधाळ गुलाबी झाले आहे का, हे पाहण्याची पद्धत आपल्याकडे नाही, आणि ती पडायला हवी.

थरथर कन्व्हर्टरचीच आहे की दुसऱ्या कशाची, हे ठरवणे कठीण नाही. म्हणूनच तपासणी न करता दिलेले उत्तर मला विशेष खटकते. मोकळ्या आणि सुरक्षित रस्त्यावर एकसारख्या वेगाने गाडी चालवत असताना थरथर सुरू होताच, एक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला केवळ ब्रेकचे दिवे लागण्याइतका स्पर्श करावा. ब्रेकचा स्विच लागला की बहुतेक गाड्यांत लॉकअप क्लच सुटतो. त्याच क्षणी थरथर थांबली, तर संशय कन्व्हर्टरच्या क्लचवर घ्यावा. डाव्या पायाची सवय नसलेल्यांनी हे करू नये आणि ते सर्व्हिस सेंटरच्या चालकाकडून करून घ्यावे. थरथर तरीही राहिली, तर प्रोपेलर शाफ्टचे सेंटर बेअरिंग आणि युनिव्हर्सल जॉइंट, इंजिनाचे माउंटिंग, इंजेक्टर आणि चाकांचे बॅलन्सिंग पाहावे. यापुढची खात्री गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरने होते, कारण इंजिनाचा आणि टर्बाइनचा वेग स्कॅनरवर एकत्र दिसतो. त्या दोहोंतील फरक लॉकअपच्या अवस्थेत स्थिर राहण्याऐवजी वरखाली उड्या मारत असेल, तर ‘आम्हाला काही जाणवले नाही’ म्हणण्यास जागा उरत नाही.

आता ऑइलविषयी. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत गिअरबॉक्सचे ऑइल बदलण्याचा उल्लेखच नसतो, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये ते ‘आयुष्यभरासाठी’ भरलेले असल्याचे सांगितले जाते. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी, जिचे आठ गिअरचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स फोक्सवॅगनच्या अमारोक या पिकअपमध्येही बसवले गेले, स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरवर किंवा फार तर आठ वर्षांनी ऑइल बदलण्याचा सल्ला देते. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्समधील अशाच थरथरीवर, ज्यात शेव्हरोलेच्या सिल्व्हराडो आणि कोलोरॅडो या पिकअपही होत्या, कंपनीने डीलरांना जो उपाय कळवला, तो जुने ऑइल काढून नव्या घटकांचे ऑइल भरण्याचा होता. ग्राहकांनी तेथे न्यायालयातही धाव घेतली. जे ऑइल बदलल्याने दोष जातो, त्याला आयुष्यभराचे म्हणणे कोणत्या आधारावर, हे कंपन्यांनी सांगायला हवे.

ऑइल बदलतानाही काळजी लागते. चेंबरचा बोल्ट काढून जे ऑइल खाली येते, ते एकूण ऑइलच्या तिसऱ्या हिश्श्यापासून फार तर निम्म्याइतके असते, आणि बाकीचे कन्व्हर्टर व कूलरमध्येच राहते. त्यामुळे एकदा बदलून थरथर कमी झाली नाही, म्हणून ‘ऑइलचा दोष नव्हता’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. मधे गाडी चालवून ते दोन-तीनदा बदलावे किंवा यंत्राने पूर्ण अदलाबदल करावी, आणि पातळी पुस्तिकेत दिलेल्या तापमानालाच तपासावी. बाजारात सुटे मिळणारे लाल ऑइल ‘सगळ्यांना चालते’ म्हणून भरू नये. डेक्स्रॉन सहा, मर्कॉन एलव्ही आणि टोयोटा डब्ल्यूएस ही वेगवेगळ्या कंपन्यांनी ठरवलेल्या प्रकारांची ऑइले एकमेकांच्या जागी भरण्याची नाहीत, आणि रंगावरून त्यांतले काहीच कळत नाही. सुरुवातीच्या काळात बदललेल्या ऑइलने थरथर पुष्कळदा जाते. अस्तर जळून गुळगुळीत झाले असेल, तर मात्र जात नाही. मग कन्व्हर्टर बदलावा लागतो, आणि त्यासाठी संपूर्ण गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. अस्तराचा चुरा व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब नियंत्रित करणारा भाग) आणि कूलरमध्ये पोहोचलेला असल्यामुळे तेही साफ करावे लागतात, नाहीतर नवा कन्व्हर्टरही लवकर खराब होतो. हा खर्च पुष्कळदा वॉरंटी संपल्यावर पुढे येतो, आणि छोट्या व्यावसायिकाला तो परवडत नाही.

थरथर वॉरंटीच्या काळात सुरू झालेली असते, ‘लक्ष ठेवा, वाढली तर आणा’ असे सांगितले जाते, आणि ती वाढेपर्यंत वॉरंटी संपते. तक्रार कागदावर आली असती, तर दोष वॉरंटीच्या काळातील असल्याचे दाखवता आले असते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रार करण्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, आणि ग्राहक आयोगापुढे जॉबकार्ड हाच सर्वांत उपयोगी पुरावा असतो. मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले, ज्यानुसार चालकाला किंवा रस्त्यावरील इतरांना धोका पोहोचवू शकणाऱ्या दोषाबद्दल सरकार गाड्या परत मागवण्याचा आदेश देऊ शकते. प्रत्येक थरथर त्या पातळीचा धोका असते, असे मी म्हणणार नाही, परंतु तक्रारी नोंदवल्याच गेल्या नाहीत, तर दोष किती गाड्यांत आहे, हे कोणालाच कळणार नाही.

म्हणून पिकअपमालकांना माझे सांगणे आहे की त्यांनी थरथर कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरमध्ये आणि किती भार असताना होते, हे आपल्या शब्दांत जॉबकार्डावर लिहवून घ्यावे आणि प्रत घेतल्याशिवाय गाडी सोडू नये. लिहून घेण्यास नकार मिळाला, तर तीच तक्रार त्याच दिवशी कंपनीला ईमेलने पाठवावी, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवावी. कंपन्यांकडे माझी मागणी आहे की मुंबईसारख्या गर्दीच्या, भाराच्या आणि तुंबणाऱ्या पाण्याच्या शहरातील वापर ‘कठोर वापर’ धरून गिअरबॉक्स ऑइल बदलण्याचे अंतर त्यांनी किलोमीटरबरोबर इंजिनाच्या तासांतही मराठी पुस्तिकेत छापावे. तसेच थरथरीच्या प्रत्येक तक्रारीवर चाचणी फेरीत स्कॅनरवर दिसलेला इंजिन व टर्बाइनच्या वेगांतील फरक छापून जॉबकार्डाला जोडून ग्राहकाच्या हाती द्यावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
भांडुप (पश्चिम), मुंबई