छपराखाली उघडलेली छत्री

भाऊ,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गाडीची घोषणा झाली होती, माझा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि तुम्ही तर पैसे घेऊन लगेच पुढच्या गिऱ्हाइकाचा बूट हातात घेतलात. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. ठाणे स्टेशन, पश्चिमेची बाजू, पुलाच्या जिन्याखाली तुमची जागा. पुढ्यात पॉलिशची लाकडी पेटी, मांडीजवळ घडी घातलेला पेपर, त्यात अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं. एवढ्यावर तुम्ही स्वतःला ओळखालच. नाहीच ओळखलंत तर छत्रीवरून ओळखा. मोठी, काळी, लाकडी मुठीची.

मी चिपळूणची. बाजारपेठेत बायकांचे ब्लाउज शिवते, तीस वर्षं होऊन गेली. शाळेतल्या तिघी मैत्रिणी लग्न होऊन तुमच्याकडे आल्या. एक नौपाड्यात, एक ऐरोलीला, एक घोडबंदर रोडला सतराव्या मजल्यावर. 'ये गं, ये गं' करून दरवर्षी बोलवायच्या, यंदा गेले. चार दिवस मजेत गेले, खोटं कशाला बोलू. तलावपाळीला मका खाल्ला, रात्री दोनपर्यंत गप्पा मारल्या. ऐरोलीवालीच्या नवऱ्याने पहिल्या आगगाडीची गोष्ट दोनदा ऐकवली: 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. दुसऱ्या दिवशी लेडीज डब्यात उभी राहिले तेव्हा वाटलं, ते चारशे पाहुणे अजून उतरलेलेच नाहीत, सगळे याच डब्यात आहेत. तिघींनीही मला एकच प्रश्न विचारला, 'तुमच्याकडे रस्त्यावर मगर फिरते म्हणे?' फिरली होती हो, दोन वर्षांमागे, चिंचनाक्याच्या बाजूला. वाशिष्ठीत मगरी आहेत, पावसात एखादी येते वर. पण बाकीचं चिपळूण कसं आहे, हे कुणी विचारलं नाही.

निघताना तिघींनी मिळून सात ब्लाउजपीस दिले, मापाच्या ब्लाउजांसकट. गौरी-गणपतीला हवेत. 'इथले टेलर नीट शिवत नाहीत गं.' बरं वाटलं ऐकून. पण त्या सातांनी बॅग फुगली आणि चेनचा रनर सुटायला लागला. आदल्या संध्याकाळी एका दुकानात दाखवली. मालकाने बॅगेकडे नाही, माझ्या साडीकडे बघितलं आणि म्हणाला, "काकू, चेन कोण बसवतं आता? नवीन घ्या, सेल चालूये." दुसऱ्याने एवढंही बोलायचे कष्ट घेतले नाहीत, मोबाईलवरून मान वर न करता नुसता हात हलवला. माझ्या दुकानात एक हूक लावायला कुणी आली तरी तिला मी बसवते, मग हूक लावते. असो. सकाळी सतराव्या मजल्यावरून मैत्रिणीने लिफ्टपाशी टाटा केला (खाली आली असती, पण कामवालीची वेळ), गाडी बोलावून दिली, मी कोकणची मांडवी एक्सप्रेस पकडायला स्टेशनला आले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्या बाजूने. माझ्या बाजूने सांगते.

जिना उतरताना मागून धक्का बसला आणि बॅगेने जबडा उघडला. आधी स्टीलचा डबा गेला, टणटणत चार-पाच पायऱ्या. मग ब्लाउजपीस. मग माझं सगळं: परकर, गुडघ्याचा पट्टा, औषधं, आतले कपडे. पावसाने पायऱ्या चिकचिकीत झालेल्या आणि वरून लोकल रिकामी झालेली. हिरव्या खणावर कुणाचातरी बूट पडला, नक्षीसकट उमटला. 'मावशी, बाजूला व्हा ना' असं दोघे म्हणाले. एक बाई 'अरेरे' म्हणाली आणि चालता चालताच म्हणाली. त्यांना मी फार बोल लावत नाही, लोकल चुकली की पुढचा दिवस कसा जातो ते चार दिवसांत बघितलंय मी. पण वरच्या पायरीवर एक पोरगा थांबला होता. त्याला घाई नव्हती. त्याने मोबाईल माझ्याकडे धरला होता.

मी गुडघ्यांवर होते भाऊ. पदराखाली काय काय लपवणार? दोनच हात.

तेवढ्यात डोळ्यांसमोर काळं आलं. मला वाटलं चक्करच आली. बघते तर छत्री. पाऊस बाहेर, वर छप्पर, आणि तुम्ही छत्री उघडून आडवी धरलेली, माझ्या आणि जिन्याच्या मध्ये. त्या पोराच्या मोबाईलमध्ये आता नुसती छत्री दिसत असणार. तुम्ही माझ्याकडे पाठ करून उभे होतात. "इकडून, इकडून जा," करत गर्दीला वळवत होतात. माझ्या एका कपड्याला तुम्ही हात लावला नाहीत. फक्त डबा उचलून आणलात आणि मागे न बघता, हात मागे करून, माझ्यासमोर धरलात. आणि म्हणालात, "घाई नका करू मावशी. मांडवी आज लेट आहे."

भाऊ, बायकांची मापं घेण्यात माझं आयुष्य गेलं. बाई छातीचं माप देताना भिंतीकडे का बघते, ते मला कळतं. टेप धरताना कुठे बघायचं नाही, हे मी शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी शिकवते, टीप मारायला नंतर. तुम्हाला ते कुणी शिकवलं, माहीत नाही.

अजून एक सांगायचं आहे. ते सांगितल्याशिवाय मी छत्रीचं एवढं का घेऊन बसले, ते कळणार नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या बाजारपेठेत शिरलं. माझी दोन्ही मशिनं पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर सगळ्यांनीच आपापलं घर रस्त्यावर आणून टाकलं: गाद्या, फोटो, पुस्तकं, बायकांचे कपडे, सगळं चिखलात लडबडलेलं. आमचं वाचन मंदिर 1864 सालचं, त्याच्याही पुस्तकांचा लगदा झाला. मदत खूप आली, ठाण्या-मुंबईहून तर गाड्या भरभरून. त्यातल्या कित्येकांनी चिखल उपसला, त्यांचे उपकार विसरणार नाही. पण काही असेही आले की आधी फोटो, मग बिस्किटचा पुडा. माझ्या दारात उभं राहून एकाने सांगितलं, "ताई, जरा ते मशीन हातात घेऊन उभ्या राहा." मी राहिले. माझे परकर मागे गजावर वाळत होते, तेही आले फोटोत. पुडा घेतला मी. नको म्हणण्याची ताकद नव्हती. त्या दिवशी कुणी एखादी चादर जरी आडवी धरली असती ना!

तर ती चादर मला ठाणे स्टेशनात मिळाली, छत्रीच्या रूपाने.

मग तुम्ही बॅग घेतलीत. चेनला दात नव्हतेच उरलेले. तुम्ही दोन्ही कडा जुळवून आरीने भोकं पाडलीत आणि मेणाच्या दोऱ्याने बॅगेचं तोंडच शिवून टाकलंत. माझ्याकडे सुई होती, पण ब्लाउजची सुई त्या कापडाला काय पुरणार! मी टाका बघत होते. दुहेरी, दर टाक्याला आवळलेला, सुरुवातीला आणि शेवटी उलटा फिरवलेला. दोरा तोडताना तुम्ही माझ्या बोटाकडे बघून म्हणालात, "शिवणकाम करता ना? मग घरी जाऊन उसवता येईल तुम्हाला."

मी पन्नासची नोट दिली, तुम्ही तीस घेतलेत, वीस परत दिलेत. हे मला फार आवडलं. तुम्ही 'राहू दे मावशी' म्हणाला असतात तर मी गाडीत बसून रडले असते, आणि बिचारी झाले असते. तीस रुपये देऊन मी गिऱ्हाईक झाले. ताठ मानेने फलाटावर गेले.

दुपारी चिपळूणला उतरले. रिक्षावाल्याने न विचारता बॅग उचलली आणि न विचारता सगळं विचारलं. कुठे होतीस, किती दिवस, बॅगेला काय झालं. दुकानाशी पोचेपर्यंत तिघांना कळलं होतं की मी आले आणि माझी बॅग फाटली. शेजारची तर उंबऱ्यातच, "काय गो, बॅग कोणी शिवली ही?" चार दिवस मी तुमच्या शहराला नावं ठेवत होते, की इथे कुणी कुणाकडे बघत नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते मैत्रिणीला ठाऊक नाही. घरी आल्यावर पहिल्याच तासात वाटलं, आमच्याकडे जरा जास्तच बघतात. तुम्ही मात्र बरोबर एकदाच बघितलंत, आणि मग पाठ केलीत.

बॅग उसवायला मला पाऊण तास लागला. एकवीस टाके होते. तीस वर्षांत दुसऱ्याचा टाका उसवताना असं जिवावर आलं नव्हतं. हिरव्या खणावरचा बुटाचा ठसा रिठ्याने गेला, अगदी बारीक सावली राहिली आहे, ती शिवणीत घेईन. मैत्रिणींना सांगितलेलं नाही.

गणपतीआधी ब्लाउज द्यायला मी परत येणार आहे. नवीन चेन मीच बसवली आहे, तेव्हा बॅगेचं काम नाही. पण तुमच्या छत्रीचं कापड दोन काड्यांपाशी सुटलंय, मी आतून बघितलं. पलीकडच्या तिसऱ्या काडीचाही दोरा कुजलाय. सुई-दोरा घेऊन येते. शिवून देईन, आणि तीस रुपये घेईन.

तुमची,
बॅगवाली मावशी, चिपळूण