भिंतीवरचं घड्याळ उतरवायला लावणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

काकूंना रात्री झोप लागत नव्हती. त्यांचा केसपेपर तुम्ही उलटा केलात, औषधाच्या खोक्याची कड धरून कोऱ्या बाजूवर सात ओळी आखल्यात आणि दोनच रकाने केलेत: अंथरुणात किती तास, झोप किती तास. आधी जिथं जिथं दाखवलं, तिथं 'टेन्शन घेऊ नका' एवढं ऐकवून अल्प्राझोलाम या झोपेच्या गोळीची चिठ्ठी पुढे चालू ठेवली. नैराश्य हटलं की झोप येईलच, म्हणे. निद्रानाश असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो, हे त्यांना ठाऊक नसेल असं कसं म्हणावं?

आठवड्याने बेरीज झाली. रात्री 10 ते सकाळी 7 म्हणजे 9 तास अंथरूण, झोप सरासरी साडेपाच, म्हणजे अंथरुणातल्या वेळेपैकी झोप फक्त 61 टक्के. उरलेले साडेतीन तास नुसती तळमळ. मेंदू मग अंथरुणाची सांगड जागरणाशीच घालतो. म्हणूनच टीव्हीसमोर डुलकी लागते आणि गादीला पाठ टेकली की डोळे टक्क उघडतात. झोप भरून काढायला नऊलाच आडवं होणं, ही तर सगळ्यांत मोठी चूक.

तुम्ही उठायची वेळ 6 ठरवलीत, रविवारीसुद्धा. झोपायची रात्री 12:30, म्हणजे झोप लागते तेवढेच साडेपाच तास अंथरूण. झोप लागेना असं वाटलं की उठायचं, मंद दिव्यात बाहेर बसायचं, पापण्या जड झाल्या की परत. दुपारची झोप बंद, चारचा चहाही बंद. आणि घड्याळ खाली, कारण रात्री त्याच्याकडे बघून 'आता तीनच तास उरले' असा हिशेब सुरू झाला की छाती धडधडते.

पहिले दोन आठवडे दिवसा गुंगी येणार, तेव्हा स्कूटर चालवायची नाही, हे तुम्ही आधीच बजावलंत. ते सांगितलं नाही की माणसं चौथ्या दिवशीच सोडून देतात. गोळीही एकदम तोडू दिली नाहीत. डॉक्टरांकडून टप्प्याटप्प्याने कमी करवून घेतलीत. एकदम थांबवली की झोप आणखी उडते, फिटही येऊ शकते.

सुरू करण्याआधी विचारलंत, 'कधी तीन तास झोपूनही एकदम ताजंतवानं, अखंड बडबड, वारेमाप खर्च असं झालं होतं का?' बायपोलर, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी अतिउत्साह आणणाऱ्या आजारात झोप कमी केली तर उन्माद उसळू शकतो. घोरताना श्वास अडकतो का, तेही विचारलंत. उत्तर येईपर्यंत थांबलात, मध्ये फोन वाजला तो उलटा ठेवलात. काकू ते अजून सांगतात. समोरच्याचं बोलणं पुरतं होऊ देणारी माणसं दवाखान्यात भेटली की अर्धा जीव तिथंच भांड्यात पडतो, ताई.

झोपेची टक्केवारी 85 च्या वर गेली की अंथरुणातला वेळ पाव तास वाढवायचा. असे सहा पाव तास झाले. आता 11 ते 6. घडीवर कागद विरलाय, काकूंनी मागून चिकटपट्टी लावलीय.

तुमची ऋणी,
काकूंची पुतणी