सव्विसावं नाव

ॲन आर्बर, मिशिगन
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज आला तेव्हा इथं सकाळचे सहा वाजले होते आणि मी आइस हॉकीच्या रिंकबाहेर गाडीत बसून थर्मासमधला चहा पीत होतो. बाहेर ऑगस्टचा उकाडा आणि चिरंजीव आत बर्फावर, अंगावर गोलीचं, म्हणजे गोलकीपरचं, ते सगळं चिलखत चढवून. गेली नऊ वर्षं माझ्या शनिवार-रविवारच्या सकाळी अशाच जातात. गाडीच्या डिकीला जो वास येतो ना, तो खडकीतल्या आपल्या किट-रूमच्या वासाचा सख्खा भाऊ आहे. तेवढ्यासाठी तरी एकदा ये इकडं.

तू विचारलंस, "तुमच्या कॉलेज हॉकीत यंदा कोण मारणार?" एका ओळीचा प्रश्न, पण उत्तर अंगठ्यानं टाइप करण्यासारखं नाही. म्हणून कागद घेतलाय. शिवाय आणखी एक गोष्ट लिहायची आहे. ती ओघात येईल.

आधी एक गंमत समजून घे, म्हणजे पुढचं सगळं लागेल. इथं पोरगा अठरा वर्षांचा झाला की एनएचएलचा, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगचा, एखादा संघ त्याला ड्राफ्टमध्ये आपल्या नावावर लावून घेतो, आणि तरीही तो कॉलेजकडून खेळत राहतो. म्हणजे साखरपुडा झालेला, लग्न कधी ते ठरलेलं नाही, आणि समोरून बोलावणं आलं की त्या दिवशी बॅग भरायची. त्यामुळे दर एप्रिलमध्ये कॉलेजच्या कोचला माहीत नसतं की ऑक्टोबरात आपल्याकडं कोण उरणार. तू तुझ्या संघातल्या पोरांच्या हजेरीवरून वैतागतोस, या लोकांचं बघ.

आमच्या मिशिगन युनिव्हर्सिटीचंच घे. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या पाचांतले चार जण आमचे होते. ओवेन पॉवर पहिला, मॅटी बेनिअर्स दुसरा, ल्यूक ह्यूज चौथा, केंट जॉन्सन पाचवा. चौघंही २०२१-२२ ला एकाच संघात खेळले. मी तेव्हा योस्टला, म्हणजे कॉलेजच्या रिंकला, एकही घरचा सामना चुकवला नाही. आणि झालं काय? उपांत्य फेरीत डेन्व्हरनं ओव्हरटाइममध्ये ३-२ नं घरी पाठवलं. पुढची दोन वर्षंही आम्ही फ्रोझन फोरला, म्हणजे शेवटच्या चारांत पोचलो आणि दोन्ही वेळा उपांत्य फेरीतच गार पडलो. यंदा तर सोळा संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत जागाही मिळाली नाही. नऊ विजेतेपदं आहेत म्हणून छाती फुगवायची, पण त्यातलं शेवटचं १९९८ चं. तेव्हा आपण दोघं बेकार होतो आणि मी अमेरिकेचं नाव फक्त व्हिसाच्या रांगेपुरतं ऐकलं होतं.

आता या एप्रिलची गोष्ट. इथून दीड-पावणेदोन तासांवर कॅलामाझू नावाचं गाव आहे. तिथली वेस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटी. त्यांचं लॉसन रिंक साडेतीन हजारांच्या थोडं वर माणसं घेईल एवढंच, पण तिथली विद्यार्थी-जमात स्वतःला 'लॉसन लुनाटिक्स' म्हणवते आणि त्या नावाला जागते. हा संघ यापूर्वी कधी फ्रोझन फोरलासुद्धा गेला नव्हता. सेंट लुईसला उपांत्य फेरीत त्यांनी गतविजेत्या डेन्व्हरला दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ३-२ नं पाडलं, गोल ओवेन मायकल्सचा. आणि १२ एप्रिलला अंतिम सामन्यात बोस्टन युनिव्हर्सिटीला ६-२. बोस्टनकडं ड्राफ्टवाल्या पोरांची रांग होती. कॅलामाझूकडं जास्त करून वयानं मोठी, ज्युनिअर लीगमध्ये दोन-तीन हिवाळे घासून आलेली, दाढीमिशा फुटलेली पोरं. मी आमच्या हॉलमध्ये एकटाच ओरडत होतो. बायको वरून म्हणाली, "अहो, आपलं कॉलेज हरलंय ना आधीच?" तिला काय सांगायचं. खडकीच्या पोरांनी मुंबईच्या संघाला हरवल्यावर पिंपरीवाल्यांनाही उकळ्या फुटायच्याच की.

पण बंड्या, हा खेळ त्या रात्री जसा होता तसा आता राहिलेला नाही. चार महिन्यांत सगळं उलटंपालटं झालंय.

झालं असं. कॅनडात सीएचएल नावाच्या तीन मोठ्या ज्युनिअर लीग आहेत, सोळा ते वीस वयाच्या पोरांच्या. तिथं पोरांना थोडाफार भत्ता मिळतो आणि एनएचएलशी करार केलेलेही काही खेळतात. म्हणून अमेरिकन कॉलेजांनी वर्षानुवर्षं त्यांना 'व्यावसायिक' ठरवून दार बंद ठेवलं होतं. एक सामना खेळलास तरी बाद. गेल्या वर्षी एका पोरानं कोर्टात धाव घेतली, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला एनसीएएनं, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं, नियमच बदलला. या १ ऑगस्टपासून दार सताड उघडं. धरणाचे दरवाजे उघडल्यावर मुठेला पाणी येतं ना, तशी पोरं आलीत.

सगळ्यात गाजलेलं नाव गॅव्हिन मॅकेना. युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सचा, वय सतरा. सीएचएलमधल्या मेडिसिन हॅट टायगर्सकडून गेल्या मोसमात ५६ सामन्यांत १२९ गुण, म्हणजे ४१ गोल आणि दुसऱ्यांच्या गोलांना दिलेले ८८ पास. पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये पहिला जाईल असं जो तो म्हणतोय. त्यानं जुलैमध्ये टीव्हीवर बसून जाहीर केलं, पेन स्टेटला जातोय. पेन स्टेट! २०१२ पर्यंत तिथं पहिल्या दर्जाचा हॉकी संघच नव्हता. टेरी पेगुला नावाच्या माजी विद्यार्थ्यानं दहा कोटी डॉलरच्या वर देणगी दिली, त्यातून रिंक उभं राहिलं, संघ उभा राहिला, आणि यंदा ते पहिल्यांदा फ्रोझन फोरला गेले. मॅकेनाला वर्षाला सातेक लाख डॉलर मिळणार असं पेपरवाले लिहितात. आता कॉलेजच्या खेळाडूला नाव-चेहरा वापरू दिल्याचे पैसे घेता येतात, आणि जूनमधल्या एका मोठ्या कोर्ट-तडजोडीनंतर कॉलेजं स्वतःसुद्धा खेळाडूंना वाटा देऊ शकतात.

इथं मला हसू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ही कॅनडाची पोरं बहुतेक एफ-१ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर, येतात. तोच व्हिसा, ज्यावर मी आलो. मी आठवड्याला वीस तास लायब्ररीत पुस्तकं लावायचो, आणि त्याबाहेर एक डॉलर कमवायचा म्हटलं तरी छातीत धडधडायचं. या पोरांनाही इथं राहून जाहिरातीबिहिराती करायला तोच व्हिसा आडवा येतो. वकील लोक वाटा शोधतात, शूटिंग कॅनडात जाऊन करतात म्हणे. आमच्या वेळी असा वकील असता तर मी तरी काय विकणार होतो म्हणा.

आता तुझ्या प्रश्नाकडं. कागदावर सगळ्यात भक्कम संघ माझ्या मते मिशिगन स्टेटचा. लिहिताना हात जड होतो, कारण ते आमचे शेजारी आणि जन्मजात वैरी. त्यांचा आयझॅक हॉवर्ड यंदाचा होबी बेकर पुरस्कार, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, घेऊन गेला आणि मग एनएचएलच्या एडमंटनशी करार करून निघूनही गेला. पण गोलमध्ये ट्रे ऑगस्टिन परत आलाय, आणि माझ्या लेखी तेवढ्यानं अर्धं काम होतं. वर कॅनडातून पोर्टर मार्टोन येतोय, या जूनमध्ये फिलाडेल्फियानं सहाव्या क्रमांकावर घेतलेला, आणि केडन लिंडस्ट्रॉम, गेल्या वर्षीचा चौथा. हे सगळं ठीक. पण याच संघाला मार्चमध्ये पहिल्याच फेरीत कॉर्नेलनं शेवटच्या काही सेकंदांत गोल मारून ४-३ नं घालवलं, हे विसरू नको. बाद फेरीत एकच सामना असतो. समोरचा गोली त्या रात्री भिंत झाला की तुझे सगळे हिरे खिशात.

बोस्टन कॉलेजचे लेनर्ड, पेरो आणि गोली फाउलर तिघंही गेले, जेम्स हेगन्स मात्र थांबला. डेन्व्हरचं मला कधीच कळत नाही. दरवर्षी घर रिकामं होतं आणि दरवर्षी ते मार्चमध्ये हजर. कॅलामाझूचा कर्णधार टिम वॉशी आणि ॲलेक्स बम्प गेले, पण मायकल्स आणि गोली स्लुकिन्स्की राहिले. म्हणून पैज लावायचीच तर मी एक वडापाव त्यांच्यावर लावीन. पेन स्टेटवर नाही. एक पोरगा सामन्यात वीस-बावीस मिनिटं बर्फावर असतो. उरलेल्या चाळीसांत कोण आहे, ते बघायचं.

आमच्याकडं मायकेल हेज थांबलाय, चांगला सेंटर आहे. फेस-ऑफला, म्हणजे आपल्या बुलीला, बरा हात चालतो. आणि ब्रॅम्प्टनहून जॅक इव्हानकोविच नावाचा गोली आलाय, उंचीनं लहान, पण पाय विजेसारखे. चिरंजीवांनी त्याचे व्हिडिओ पाहून पाहून पाठ केलेत.

आणि इथंच ती दुसरी गोष्ट येते.

त्या जूनच्या तडजोडीत एक छोटं कलम आहे, ज्याबद्दल कोणी टीव्हीवर बसून बोलत नाही. ज्या कॉलेजांनी ती मान्य केली, त्यांच्या हॉकी संघात आता जास्तीत जास्त २६ खेळाडू. पूर्वी शिष्यवृत्त्या अठराच असायच्या, पण संघात किती पोरं ठेवायची याला कोणी विचारत नव्हतं. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस असायचीच. ही वरची दोन-तीन पोरं म्हणजे स्वतःची फी भरून येणारी, गावातली. त्यातला एक हमखास तिसरा गोली. तो सामना खेळत नाही. चार वर्षं रोज सरावाला पहिला येतो, दोनशे-दोनशे पक, म्हणजे या खेळातल्या रबरी चकत्या, अंगावर घेतो, दौऱ्यावर नेलं तर बाकाचं दार उघडतो, आणि शेवटच्या वर्षी ६-० असा पुढं असताना कोच त्याला तीन मिनिटं उतरवतो. तेव्हा योस्टमध्ये जो आवाज होतो तो कुठल्याही हॅटट्रिकला होत नाही. आधीपासून संघात असलेल्या पोरांना सूट दिलीय, पण नव्यांना नाही. सव्विसावं नाव झालं की वही बंद.

चिरंजीवांचं स्वप्न तेवढंच होतं. त्याला एनएचएल नको होती, त्याला कळतं आपण कितपत आहोत ते. त्याला योस्टमध्ये तिसरा गोली व्हायचं होतं. जुलैत एका संध्याकाळी जेवताना तो अगदी सहज म्हणाला, "बाबा, मी आता इंजिनिअरिंगला जाईन आणि क्लब हॉकी खेळेन, त्याला पैसे भरावे लागतात पण चालेल ना?" मी चालेल म्हटलं आणि पोळी उगाच घोळवत बसलो. त्या रात्री मला तू आठवलास.

१९९३. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा संघ. सोळा नावं, सोळावं तुझं. जायच्या आदल्या संध्याकाळी टपरीवर सरांनी यादी परत वाचली, आणि सोळाव्या जागी कुणाच्या तरी चिठ्ठीनं आलेला, आपण कधी सरावाला न पाहिलेला मुलगा होता. तू काही बोलला नाहीस. मला तुझी ती चांगली स्टिक दिलीस, टेप गुंडाळलेली, आणि म्हणालास, "परत आण म्हणजे झालं." मी ती घेतली आणि सकाळी बसमध्ये चढलो. सरांना विचारायला हवं होतं, निदान तोंड उघडायला हवं होतं. आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो, स्टिक मी परत आणली, आणि त्यानंतर बत्तीस वर्षांत आपण यावर एक शब्द बोललो नाही. तू पुढं कोच झालास, आणि तुझ्या संघात म्हणे यादी एकदा फळ्यावर लागली की कुणाच्या बापाचा फोन आला तरी बदलत नाही. हे मला तुझ्याच एका विद्यार्थ्यानं इथं डेट्रॉइटच्या गणपतीत सांगितलं. मी तेव्हा विषय बदलला होता.

एवढंच लिहायचं होतं. फोनवर जमलं नसतं.

बाकी इकडं ठीक. गणपती दहा दिवसांवर आलेत, मखराचं थर्माकोल यंदा बंद, पुठ्ठा आणलाय. २९ तारखेपासून राजगीरला हॉकीचा आशिया कप आहे, ध्यानचंदांच्या वाढदिवशी सुरू होतोय. वेळा बघून ठेव, मी पहाटे उठून बघणार. आमचा मोसम ऑक्टोबरात सुरू होईल, शुक्रवार-शनिवार जोडसामने. मिशिगन स्टेटशी डेट्रॉइटला सामना असेल तेव्हा तुला व्हिडिओ लावीन, तुझी रात्र गेली तरी बेहत्तर.

आणि एक काम कर. चिरंजीवाला फोन कर. त्याला मी तुझी ती गोष्ट अर्धीच सांगितलीय, स्टिकपर्यंतची. बसची तू सांग. माझ्याकडून ऐकली तर तो मला माफ करायच्या घाईत असेल.

वहिनींना नमस्कार, आईंच्या गुडघ्याचं कळव.

तुझाच,
गोट्या