भिवंडीहून परतलेल्या वहिनींना

वहिनी,

तोंडावर आभार मानायला आले असते तर "गप गो" म्हणून तुम्ही चहाचं आधण ठेवलं असतंत. म्हणून चार लोकांसमोर लिहितेय.

ऑनलाइन विक्री शिकायची म्हणून मी व्हिडिओ पाहत बसले होते. केळीच्या पानावर आमसुलं मांडून पन्नास फोटो काढले. तुम्ही भिवंडीच्या गोदामात सहा वर्षं परत आलेल्या मालाच्या टेबलावर काढलेली. माझे फोटो बघून एवढंच म्हणालात, "लोक फोटो बघून घेतत, नि खोको उघडून परत धाडतत." आणि ठाण्याच्या माझ्या बहिणीलाच पहिलं पार्सल पाठवायला लावलंत.

तिने उघडलं तेव्हा आगळाच्या (कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या) बाटलीचं झाकण सैल झालेलं, काजूगर जांभळे, कुळथाच्या पिठाचा लगदा. बहीण हसली, मी रडले. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच जुनी वर्तमानपत्रं घेऊन आलात. झाकणाखाली सील, वरून चिकटपट्टी, बाटलीला वेगळी पिशवी, खोक्यात हलायला जागा नाही. मग भरलेला खोका ओटीवरून अंगणात टाकलात. पुन्हा उचलून चिऱ्याच्या पायरीवर. सासूबाई आतून ओरडल्या, "काय फोडतास गो?" तिसऱ्या खेपेला बाटली शाबूत राहिली, तेव्हाच पत्ता चिकटवू दिलात.

पैशाचं गणितही तुमच्याचमुळे जमलं. दोन किलो आमसुलं मी मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात भरली होती. लांबी ४०, रुंदी ३०, उंची २० सेंटिमीटर. तुम्ही तिन्हींचा गुणाकार करून ५००० ने भागलात : ४.८ किलो. कुरिअरवाला काट्यावरचं वजन आणि हे वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे घेतो, हे मला कुठल्या व्हिडिओत सापडलं नव्हतं (असेलही, मी जाहिरातीच्या व्हिडिओंतच रमले होते). म्हणजे जवळजवळ तीन किलो हवा मी विकत घेऊन पाठवणार होते!

लेबलावर मात्र आपलं वाजलं. 'वेंगुर्ला काजू' असं ठसठशीत छापायचं माझ्या मनात. काजू आमच्या बागेतले, बाग वेंगुर्ल्यात, मग काय अडलं? तुम्ही म्हणालात, त्या नावाला भौगोलिक मानांकन आहे, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केल्याशिवाय ते मिरवायचं नाही. दोन दिवस मी तुमच्याकडे फिरकले नाही. आता लेबलावर वजन, किंमत, पॅकिंगची तारीख आणि अन्नसुरक्षेचा १४ आकडी नंबर एवढंच आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदीचा अर्ज भरायला घेतलाय.

घरपोच रोखीचा पर्याय बंद करायला सांगितलात, तेही कुरकुरतच ऐकलं. त्याआधी गणपतीच्या तोंडावर पाच पार्सलं कोणी घेतलीच नाहीत आणि जाण्या-येण्याचं भाडं माझ्याच माथी आलं होतं. आता ऑर्डरी थोड्या कमी येतात, पण येतात त्यांचे पैसे आधी जमा असतात.

फी विचारली तर पायलीभर कुळीथ मागितलेत, आणि तेही दळून नको म्हणालात. ते आज तुमच्या ओटीवर ठेवलेत. शेजारी खोका आहे, त्यात यंदाचं आगळ आहे. कृपा करून अंगणात टाकून बघू नका.

तुमची,
पलीकडच्या वाडीतली