बाबांचा सत्कार आणि तुझी ती सायकल

बंड्या,

आठ महिने फोन नाही, मेसेज नाही, शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, गुडघा कुरकुरतो.

२६ जुलैला सोसायटीत बाबांचा सत्कार झाला. कारगिल विजय दिवसाला एक माजी सैनिक हवा होता. बाबांनी आदल्या रात्री मेडलं घासूनपुसून ठेवली, ब्लेझर आता पोटावर लागत नाही तरी घातलाच. स्टेजवर त्या सूत्रसंचालन करणाऱ्या पोरीने विचारलं, काका, कारगिलला होतात ना? बाबा म्हणाले, नाही, श्रीलंकेला, ८७ ते ९०. तिने कागद बघितला, गोड हसली नि म्हणाली, "अच्छा, म्हणजे तिकडे पोस्टिंग होतं!" आणि दिला नारळ हातात. पोस्टिंग म्हणे!

बाराशेच्या आसपास जवान मारले गेले रे तिथे. जुलै १९८७ ला भारत-श्रीलंका करार झाला, शांतता राखायला म्हणून पाठवलं आणि ऑक्टोबरपासून ज्यांची हत्यारं जमा करायची त्या लिट्टेशीच, म्हणजे तिथल्या तमिळ बंडखोरांशीच, लढत बसले. मार्च ९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तर तिथले मुख्यमंत्री स्वागतालाच आले नाहीत. महार रेजिमेंटचे मेजर परमेश्वरन, जन्म मुंबईचा, परमवीर चक्र, आपल्या किती पोरांना नाव माहितीये? कारगिलचे विक्रम बत्रा सगळ्यांना पाठ, असू दे, त्यांचा काय दोष. ७१ च्या विजयाचा १६ डिसेंबर झाला, कारगिलचा २६ जुलै झाला, पण धड जिंकलो नाही धड हरलो नाही अशा लढाईला कॅलेंडरात तारीखच नसते. कोलंबोजवळ या लोकांचं स्मारक आधी झालं, दिल्लीत राष्ट्रीय स्मारकावर नावं कोरायला २०१९ उजाडलं!

आता तुला कशाला सांगतोय ते कळलं असेल. सातवीत तू वर्गासमोर म्हणालास, "याचे बाबा हरून आले." मी तुझी सायकल नाल्यात ढकलली, सहा महिने अबोला. (हँडल आधीपासूनच वाकडं होतं, अजून सांगतो.) पण खरं सांगू, राग तुझा नव्हता. त्याच सकाळी मी बाबांना विचारलं होतं, आपण जिंकलो ना? ते बुटाची नाडी सोडत बसले, सुटली तरी सोडतच होते.

परवा गाडीत बाबा त्या स्टेजवरच्या पोरीबद्दल म्हणाले, "तिचा जन्म तरी झाला होता का तेव्हा." बस, एवढंच.

वहिनीच्या बदलीचं काय झालं? पोरीला दहावीत चांगले मार्क पडले म्हणे, शाबास सांग.

दिवाळीत आलास की बाबांजवळ बस जरा. तिकडचं तू विचार, तुला सांगतील. माझ्याच्याने विचारवत नाही.

तुझाच,
पम्या